मराठी माध्यमातून आलात? मग बारावी बायोलॉजीची तयारी अशी करा

अकरावीच्या पहिल्या चाचणीत मला बायोलॉजीत २५ पैकी ६ पडले. दहावीला विज्ञानात ९० च्या वर असलेली मुलगी मी. मॅडम दोन आठवडे 'जिम्नोस्पर्म' म्हणत होत्या आणि मी वहीत कसंबसं स्पेलिंग उतरवून घेत होते. चाचणी झाल्यावर एका मैत्रिणीने सांगितलं, "अगं, अनावृत्तबीजी." नववीत मी ते सायकसच्या चित्रासकट पाठ केलं होतं. म्हणजे मला उत्तर येत होतं, प्रश्नच कळला नव्हता.

तालुक्याच्या किंवा गावच्या शाळेतून मराठीत शिकून थेट इंग्रजीतल्या सायन्सला बसलेल्या बहुतेकांचं असंच होतं. बायोलॉजी येत नाही असं वाटतं, पण खरं तर निम्मी बायोलॉजी आठवी ते दहावीत मराठीतून झालेली असते. तिला इंग्रजीत आणायचं आणि मग लिहायला शिकायचं, एवढंच काम उरतं. आता माझ्या धाकट्या भावाची बारावी आहे. त्याला तुकड्यातुकड्यात जे सांगत होते, ते इथे एकत्र लिहिते आहे. हे महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीसाठी आहे, सीबीएसईवाल्यांना काही भाग लागू पडणार नाही.

काय काय लागेल

- बालभारतीचं बारावीचं बायोलॉजीचं पुस्तक. विकत मिळालं नाही तर ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट आहे.
- तुमची नववी-दहावीची विज्ञानाची मराठी पुस्तकं. रद्दीत दिली असतील तर धाकट्या भावंडांची किंवा शेजाऱ्यांची मागून आणा. हे मी गमतीने सांगत नाही.
- दोनशे पानी एक वही, फक्त शब्दांसाठी.
- कोऱ्या कागदांचा गठ्ठा, एचबी पेन्सिल, खोडरबर, पट्टी.
- मागच्या चार-पाच वर्षांच्या बोर्डाच्या प्रश्नपत्रिका.
- जर्नल. कॉलेजने सांगितलेलंच घ्या.

गाइड घ्यायचं तर एकच घ्या. माझ्याकडे तीन होती. तिन्हींत एकाच प्रश्नाची तीन वेगळी उत्तरं होती, आणि कुठलं पाठ करायचं हे ठरवण्यातच दिवाळी गेली.

१. आधी पेपर कसा असतो ते बघा

लेखी ७० गुणांची, प्रॅक्टिकल ३० गुणांचं. लेखीला तीन तास. आमच्या वेळचा आराखडा असा होता:

विभाग अ: दहा बहुपर्यायी प्रश्न, प्रत्येकी १ गुण, आणि एका वाक्यात उत्तराचे आठ प्रश्न, प्रत्येकी १ गुण. एकूण १८. इथे पर्याय नाही, सगळे सोडवायचे.
विभाग ब: २ गुणांचे बारा प्रश्न, त्यातले कोणतेही आठ. १६ गुण.
विभाग क: ३ गुणांचे बारा प्रश्न, त्यातले कोणतेही आठ. २४ गुण.
विभाग ड: ४ गुणांचे पाच प्रश्न, त्यातले कोणतेही तीन. १२ गुण.

म्हणजे छापलेले गुण ९८ आणि सोडवायचे ७०. यावरून मुलं लगेच हिशोब मांडतात की तीन-चार धडे सोडले तरी चालेल. मोठ्या प्रश्नांपुरतं कदाचित चालेलही. पण विभाग अ मधले अठरा गुण कुठल्याही धड्यातून येतात आणि तिथे सोडायची सोय नाही. एखाद्या धड्यावर मोठा प्रश्न तयार करायला वेळ नसेल तर नका करू, पण तो धडा एकदा तरी पूर्ण वाचलेला हवाच. तुमच्या वर्षाचा आराखडा हाच आहे ना, हे कॉलेजात एकदा विचारून खात्री करून घ्या.

२. शब्दांची वही

माझी गाडी इथून रुळावर आली. पानाचे तीन भाग करा. पहिल्यात इंग्रजी शब्द, स्पेलिंगसह. दुसऱ्यात आपला मराठी शब्द. तिसऱ्यात एक छोटी खूण: चित्र, उदाहरण, काहीही.

ओव्ह्यूल म्हणजे बीजांड. पॉलिनेशन म्हणजे परागीभवन. इकोसिस्टिम म्हणजे परिसंस्था. दहावीच्या 'अनुवंशिकता व उत्क्रांती' या धड्यात प्रतिलेखन, भाषांतरण आणि स्थानांतरण आठवतंय का? तेच बारावीच्या चौथ्या धड्यात ट्रान्सक्रिप्शन, ट्रान्सलेशन आणि ट्रान्सलोकेशन होऊन येतं. बारावीत तपशील दसपट वाढतो, पण गोष्ट तीच. म्हणून नवा धडा सुरू करायच्या आदल्या रात्री त्या विषयाचा जुना मराठी धडा वाचून काढा. वीस मिनिटं पुरतात. दुसऱ्या दिवशी वर्गात मॅडम अनोळखी भाषा बोलताहेत असं वाटत नाही.

शब्दांचे तुकडे पाडायलाही शिका. 'हायपो' म्हणजे कमी, 'हायपर' म्हणजे जास्त. आजीच्या बीपीच्या कागदावर हायपरटेन्शन लिहिलेलं असतं, तोच हा हायपर. 'कार्डिॲक' आलं की हृदय, 'पल्मनरी' आलं की फुप्फुस, 'रीनल' आलं की मूत्रपिंड, 'लायसिस' आलं की काहीतरी फुटतंय. असे तीस-चाळीस तुकडे कळले की नवा शब्द बघून छातीत धडधड होत नाही.

वहीच्या मागच्या पानांवर जुळ्यांची यादी करा. मायटोसिस आणि मायोसिस. युरेटर आणि युरेथ्रा. ग्लुकॅगॉन आणि ग्लायकोजेन. थायमीन हा डीएनएमधला बेस आणि थायमिन हे बी-१ जीवनसत्त्व. यांत एका अक्षराने उत्तर बदलतं. बाकी ठिकाणी तुमची इंग्रजी कच्ची आहे हे तपासणारा समजून घेईल, पण मायटोसिसच्या जागी मायोसिस लिहिलं तर तो चुकीच्या उत्तरावर काटच मारणार.

३. पुस्तक वाचताना

पुस्तकात पंधरा धडे आहेत. वनस्पती आणि प्राण्यांचं प्रजनन, मग अनुवंशिकता, डीएनए, उत्क्रांती, वनस्पतींचं पाणी आणि वाढ, श्वसन-रक्ताभिसरण, मज्जासंस्था आणि संप्रेरकं, आरोग्य, अन्नोत्पादन, बायोटेक्नॉलॉजी आणि शेवटी पर्यावरणाचे तीन.

क्रमाने जायची सक्ती नाही. मी भावाला अकराव्या धड्यापासून सुरुवात करायला लावली, अन्नोत्पादनाचा तो. कारण तो आमच्या घरातलाच आहे. गाईला कृत्रिम रेतन करायला डॉक्टर येतात, संकरित गाय गोठ्यात उभी आहे, मागे गोबरगॅसची टाकी आहे आणि तिच्यात मिथेन तयार करणारे जिवाणू पुस्तकात नावानिशी दिलेले आहेत. पुढच्या बायोटेक्नॉलॉजीत बीटी कापूस येतो. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचं जनुक कापसात घालतात, त्यामुळे तयार होणारं प्रथिन अळीच्या आतड्यात गेल्यावर विषारी बनतं. भारतात त्याला २००२ साली परवानगी मिळाली. आमचे वडील हे ऐकून म्हणाले, "मग गुलाबी बोंडअळी कशी काय खाते?" त्यांचं बरोबर आहे, गुलाबी अळीत त्या प्रथिनाला दाद न देण्याची ताकद आलेली आहे. पेपरात मात्र विचारलं असेल तेवढंच लिहा. हा प्रश्न पाचव्या धड्यात, नैसर्गिक निवडीपाशी पुन्हा आठवा, तिथे त्याचं उत्तर मिळेल.

तर ज्या धड्याशी तुमची ओळख आहे तो आधी. एक धडा हातात आला की दुसऱ्याची भीती कमी होते.

वाचताना चौकटी सोडू नका. 'कॅन यू रिकॉल', 'यूज युअर ब्रेन पॉवर', 'डू यू नो' असली नावं बघून मी त्या पोरांच्या गमतीसाठी आहेत असं समजून वर्षभर उडी मारून पुढे जात होते. एका वाक्याचे प्रश्न नेमके तिथून उचललेले दिसले तेव्हा कळलं. आकृत्यांखालच्या ओळी आणि तक्तेसुद्धा तसेच.

४. आकृत्या

इथे मराठी-इंग्रजी असा भेद नाही, म्हणून आपल्याला गुण मिळवायची ही सगळ्यात हक्काची जागा. चित्रकला चांगली असायची गरज नाही. आकृती पेन्सिलने, नावंही पेन्सिलने, सगळी नावं एका बाजूला ओळीत, आणि रेषा एकमेकींना छेदणार नाहीत अशा. छायांकन करत बसू नका. नावं नसलेली सुंदर आकृती म्हणजे फुकट गेलेली सात मिनिटं.

माझ्या यादीत या होत्या: बीजांडाचा छेद, भ्रूणकोष, शुक्रपेशी, अंडाशयाचा छेद, डीएनएची दुहेरी सर्पिल रचना, लॅक ओपेरॉन, मूळकेसाचा भाग, हृदयाचा उभा छेद, मेंदूचा छेद, प्रतिक्षिप्त क्रियेचा मार्ग, प्रतिपिंडाचा इंग्रजी वाय. प्रत्येक आकृती पुस्तक मिटून किमान पाच वेळा काढा. बघून काढलेली आकृती मोजायची नाही.

हृदयाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तिथे मी सराव परीक्षेत तोंडावर आपटले. आकृतीतलं हृदय समोर उभ्या असलेल्या माणसाचं असतं. त्यामुळे कागदाची डावी बाजू ही हृदयाची उजवी. मी सगळी नावं बरोबर लिहिली, फक्त आरशात पाहिल्यासारखी. आता भावाला सांगते, आकृती काढायच्या आधी कागदाच्या डावीकडे बारीक 'आर' लिही, नंतर खोड. झडपांच्या पाकळ्यांसाठी उजवीकडे तीन, डावीकडे दोन: ट्रायकस्पिड उजवीकडे, बायकस्पिड डावीकडे. आणि पल्मनरी आर्टरी नावाने धमनी असली तरी तिच्यात अशुद्ध रक्त असतं. धमनी म्हणजे हृदयापासून लांब नेणारी, एवढीच व्याख्या धरून चाला, म्हणजे गोंधळ होत नाही.

५. जे धडे घोकून येत नाहीत

तिसरा आणि चौथा. अनुवंशिकता आणि डीएनए. हे गणितासारखे हाताने सोडवायचे धडे आहेत. मेंडेलचं ९:३:३:१ पाठ करण्यात अर्थ नाही, सोळा घरांचा चौकोन स्वतः भरा. एकदा भरलात की 'एफ-टूमध्ये (म्हणजे दुसऱ्या पिढीत) बुटकी झाडं किती टक्के' असा प्रश्न फिरवून आला तरी अडत नाही.

चौथ्या धड्यात रोज एक छोटा खेळ खेळा. डीएनएच्या साच्याचा एक तुकडा मनाने लिहा, त्याचा एम-आरएनए करा आणि मग तीन-तीन अक्षरं तोडा. साच्यावर टी-ए-सी असेल तर आरएनएवर ए-यू-जी येतं, म्हणजे मेथिओनिन, आणि इथूनच साखळी सुरू होते. आरएनएमध्ये टी नसतो, यू असतो. हे सगळ्यांना माहीत असतं आणि परीक्षेत घाईत सगळेच टी लिहितात. एकूण कोडॉन ६४, त्यातले ६१ अमिनो आम्लांसाठी आणि ३ थांबायला सांगणारे.

प्रयोग गोष्टीसारखे लक्षात ठेवा. ग्रिफिथचा १९२८ चा उंदरांचा प्रयोग आईला सांगून बघा: मेलेले घातक जिवाणू आणि जिवंत निरुपद्रवी जिवाणू, दोन्ही एकत्र टोचले आणि उंदीर मेला. का? आईने 'का' विचारलं आणि तुम्हाला उत्तर देता आलं, तर तो प्रश्न झाला. माझी आई चौथी शिकलेली आहे, तिने ग्रिफिथ नीट समजून घेतला. डीएनएची नक्कल कशी होते हे दाखवणारा मेसेल्सन आणि स्टालचा १९५८ चा प्रयोग तिच्या गळी उतरवायला मात्र मला तांदूळ आणि ज्वारीचे दाणे मांडावे लागले. जड नायट्रोजनची ज्वारी, हलक्याचा तांदूळ. पहिल्या पिढीत प्रत्येक जोडीत एक ज्वारी एक तांदूळ. दुसऱ्या पिढीत निम्म्या जोड्या तशा आणि निम्म्या नुसत्या तांदळाच्या. ते मांडताना माझंच पक्कं झालं.

६. उत्तर लिहिणं हा वेगळा अभ्यास आहे

वाचलं की आलं असं वाटणं हा सगळ्यात मोठा सापळा. डोळ्यांना ओळखीचं वाटतं, पण हाताला येत नाही. परक्या भाषेत लिहायचं असेल तर अजूनच नाही.

एक उदाहरण घ्या. दुहेरी फलन, तीन गुण. मी सुरुवातीला दीड पान निबंध लिहिला होता, परागकण फुलावर कसा येतो इथपासून. मिळाले दीड. तपासणाऱ्याला हवं होतं ते एवढंच: एक नर युग्मक अंडपेशीशी मिळतो आणि टू-एन (गुणसूत्रांचे दोन संच असलेला) युग्मनज बनतो, दुसरा नर युग्मक दुय्यम केंद्रकाशी मिळतो आणि थ्री-एन (तीन संचांचं) प्राथमिक भ्रूणपोष केंद्रक बनतं, ही दोन्ही फलनं एकाच भ्रूणकोषात होतात म्हणून दुहेरी. नवाशिनने १८९८ मध्ये हे शोधलं. सोबत छोटी आकृती. सात-आठ ओळी झाल्या. माझ्या दीड पानात टू-एन, थ्री-एन कुठेच नव्हतं.

म्हणून गुणांइतके मुद्दे, प्रत्येक मुद्दा नव्या ओळीवर, आणि महत्त्वाच्या शब्दाखाली पेन्सिलची रेघ. फरक लिहा म्हटलं की दोन रकाने पाडा, आणि समोरासमोर एकाच गोष्टीबद्दल लिहा. डावीकडे आकार आणि उजवीकडे काम असं लिहिलं तर तो फरक होत नाही.

इंग्रजीसाठी पाच-सहा वाक्यांचे साचे पाठ करा. 'इज कॉल्ड', 'कन्सिस्ट्स ऑफ', 'इज ड्यू टू', 'रिझल्ट्स इन', 'टेक्स प्लेस इन', 'व्हेअरॅज'. एवढ्यावर माझा पूर्ण पेपर निघाला. लांब वाक्यं लिहायला गेलात की व्याकरण हातातून सुटतं आणि अर्थही. छोटी वाक्यं बिनधास्त लिहा, हा काही इंग्रजीचा पेपर नाही.

शास्त्रीय नाव हाताने लिहिताना दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ. पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल, दुसऱ्याचं स्मॉल.

डिसेंबरपासून दर रविवारी घड्याळ लावून एक जुना पेपर सोडवा. तीन तास, मधे उठायचं नाही. पहिला माझा अर्धाच झाला होता. चौथ्या पेपरला वेळ पुरायला लागला.

७. प्रॅक्टिकल

तीस गुण, आणि मुलं ते गृहीत धरतात. जर्नल वेळच्या वेळी तपासून सही घ्या. जानेवारीत सगळी मुलं एकदम रांगेत उभी राहतात आणि मॅडमचा आवाज चढलेला असतो. सही आणि शिक्का असलेलं जर्नल नसेल तर ऐन वेळी धावाधाव ठरलेली.

स्लाइड करायचा हात वर्षभर बसवा. पानाची पातळ साल काढायची, थेंबभर पाणी, आणि कव्हरस्लिप एका कडेने तिरकी धरून सुईच्या आधाराने हळूच खाली सोडायची. धपकन टाकली की हवेचे बुडबुडे अडकतात. माझ्या स्लाइडमध्ये एक गोल, काळ्या कडेचा, अगदी सुबक बुडबुडा होता आणि मी बाहेरून आलेल्या परीक्षकांना तीच पेशी म्हणून दाखवली. ते हसले आणि म्हणाले, "पुन्हा कर." चांगले होते म्हणून निभावलं.

स्पॉटिंगला, म्हणजे समोर ठेवलेला नमुना ओळखायच्या प्रश्नाला, फक्त नाव लिहून थांबू नका, ओळखायची खूणही लिहा. तोंडीला येत नसेल तर सरळ 'सॉरी सर, आठवत नाही' म्हणा. मी एकदा थाप मारली आणि पुढचे तीन प्रश्न त्याच थापेवर आले. इंग्रजीत अडलात तर विचारून मराठीत सांगा, आमच्याकडे चालवून घेतलं होतं.

८. नीट आणि सीईटी

थोडक्यात सांगते. नीटमध्ये ७२० पैकी ३६० गुण बायोलॉजीचे असतात आणि चुकीच्या उत्तराला एक गुण कापतात. त्यासाठी एनसीईआरटीचं पुस्तक वेगळं वाचावंच लागतं. राज्याच्या सीईटीत, पीसीबी गटाला, बायोलॉजीचे शंभर प्रश्न शंभर गुणांचे, गुण कापत नाहीत, आणि बहुतांश प्रश्न बारावीच्या अभ्यासावर. फेब्रुवारीत मात्र बोर्डाचा पेपर संपेपर्यंत एमसीक्यूचे गठ्ठे बाजूला ठेवा. वर्षभर फक्त टिक करणाऱ्या हाताला बोर्डात चार गुणांचं उत्तर लिहिता येत नाही, हे आमच्या बॅचमध्ये चांगल्या चांगल्या मुलांचं झालं.

९. पेपरच्या दिवशी

आदल्या रात्री पिशवी भरा: हॉल तिकीट, कॉलेजचं ओळखपत्र, एकाच शाईची दोन-तीन पेनं, टोक केलेल्या दोन पेन्सिली, खोडरबर, पट्टी, साधं घड्याळ, पाण्याची बाटली. हॉल तिकिटावर मुख्याध्यापक किंवा प्राचार्यांची सही-शिक्का आहे ना, ते मिळाल्या दिवशीच बघा. केंद्र दुसऱ्या गावी असेल तर एसटी आधी एकदा करून बघा; अकराच्या पेपरला साडेदहाच्या आत पोचायचं असतं.

बहुपर्यायी प्रश्नात पर्यायाचं अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहायचं. नुसतं अक्षर किंवा नुसतं उत्तर लिहिलं तर गुण नाहीत, अशी सूचना पेपरावर छापलेली असते. तोच प्रश्न दोनदा लिहिला तर पहिलंच उत्तर धरतात. मी सराव परीक्षेत सूचना न वाचता नुसती अक्षरं लिहिली आणि दहाच्या दहा गमावले. त्यातली आठ बरोबर होती.

प्रत्येक विभाग नव्या पानावर सुरू करा. मी विभाग अ, मग ड, मग क आणि शेवटी ब असा लिहिला, कारण शेवटी हात दुखायला लागल्यावर दोन गुणांची उत्तरं ओढता येतात, चार गुणांची नाही. तुम्हाला दुसरा क्रम सोयीचा वाटला तर तो, पण रविवारच्या सरावात जो ठरला असेल तोच, हॉलमध्ये नवा काढू नका.

२०२३ पासून बोर्ड शेवटी दहा मिनिटं वाढवून देतं. ती नवीन उत्तर सुरू करण्यात घालवू नका. प्रश्न क्रमांक तपासा, आकृत्यांची राहिलेली नावं भरा, टीचे यू करा. आणि पुरवण्या दोऱ्याने बांधायच्या आधी त्यांचा क्रम एकदा लावून बघा. माझी तिसरी पुरवणी दुसरीच्या आधी बांधली गेली होती, आणि गाठ सुटेना तेव्हा पर्यवेक्षक बाईंनी दाताने सोडवून दिली.